लाहेचं जेवण

इंग्रज जंगलसाहेब आम्हा अक्राणीच्या डोंगरातल्या लोकांना आळशी म्हणायचा. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

एका पावसाळ्यात बाप तापानं पडला आणि आमची ज्वारी तणात बुडाली. आईनं लाह बोलावली. लाह म्हणजे सगळ्या पाड्यानं मिळून एकाचं शेत निंदायचं आणि त्या घरानं सगळ्यांना जेवू घालायचं. आईकडे हंडीभर पातळ पेज तेवढी होती. तरी अख्खा पाडा आला, संध्याकाळपर्यंत शेत लख्ख केलं. आई पेज वाढायला उठली, तर जो तो म्हणाला, "आम्ही घरून जेवून आलोय."

हंडी आम्हा भावंडांनाच मिळाली. नवं धान्य यायला अजून अवकाश होता. त्या दिवशी सकाळपासून पाड्यातल्या एकाही छपरातून धूर निघाला नव्हता.