उमादेवीची गार गल्ली

उन्हाळ्यात आमच्या लातूरला गारवा कुठं आहे हे विचारावं लागत नाही. माणसं आधीच तिथं जाऊन बसलेली असतात. आमच्या घराशेजारच्या पतसंस्थेत हा मान सर्व्हरच्या खोलीला होता. जळकोट, कंधार, किल्लारी अशा सगळ्या शाखांचा कारभार त्या खोलीतल्या यंत्रांवर चाले, आणि ती तापू नयेत म्हणून दोन मोठे एसी दिवसभर सोळावर. मग तिथंच जेवणाचे डबे उघडायचे, रोखपाल उज्वला दह्याचं भांडं आणि मोगऱ्याचे गजरे तिथंच ठेवायची, शिपाई व्यंकटी पाण्याचे जार ओळीनं लावायचा. पाहुणा आला की त्यालाही, "आत टेका जरा," म्हणून तिथंच बसवायचे.

खोली उमादेवीच्या ताब्यात. माहेर उदगीरचं, संगणकाची पदविका, आणि माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण. ही बाई भांडतानाही हसते, त्यामुळं समोरच्याला जास्त झोंबतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात वीज गेली. जनरेटरवर एकच एसी चालतो. खोली तापली, यंत्रं आपोआप बंद पडली आणि सगळ्या शाखांत लोक रांगेत ताटकळले. असं दोनदा झालं. शेवटी अध्यक्ष गुरुबसप्पा अण्णा म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात आणखी एकदा मशिनी बंद पडल्या, तर उचलून पुण्याच्या कंपनीत ठेवायच्या. उमाबाईंनी काउंटर बघावं." पहिल्या वायरीपासून ती खोली तिनं उभी केलेली. त्या दिवशी ती हसली नाही.

आधी तिनं दाराला कुलूप घातलं. व्यंकटी म्हणाला, "मॅडम, इथं माणसं उकडून राहिलीत, अन् तुम्ही डब्ब्यांला हवा घालून राहिलात!" सगळं ऑफिस आठवडाभर तिच्याशी तुटक वागलं. एवढं करून फरक काहीच नाही. यंत्रांपुढं थर्मामीटर धरून बघितलं, तर खालच्या यंत्रांना गार वारा आणि वरच्यांना गरम. यंत्रांच्या पाठीमागून निघणारी गरम हवा वरून वळसा घालून, मधल्या फटींतून घुसून, पुन्हा पुढंच येत होती.

संध्याकाळी ओट्यावर बसून मला म्हणाली, "वहिनी, एका बादलीत गार अन् गरम दोन्ही नळ सोडून ठेवलेत आम्ही. मग पाणी कोमट झालं की म्हणायचं, गार नळ आणखी सोडा. एसी खोलीला गार करून राहिलाय. मशिनीला कुठं?"

दुसऱ्या दिवशी ती मलप्पाकडं गेली. मलप्पा धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या बनवतो.

"किती पोत्यांची करू, अक्का?"

"पोती न्हाईत मामा. वारा भरायचाय."

मलप्पानं हातोडी खाली ठेवली. "घरी समदं ठीक हाय नव्हं?"

पण आला. यंत्रांच्या पुढं जी चिंचोळी वाट होती, तिच्यावर त्यानं पत्र्याचं छत घातलं, एसीचा वारा थेट तिच्यात सोडणारा पत्र्याचा नळा बसवला, यंत्रांमधल्या रिकाम्या जागा पट्ट्या ठोकून बुजवल्या. "धान्यातला सोंडा किडासुद्धा शिरायचा न्हाई," म्हणाला. ती म्हणाली, "सोंडा शिरला तर बघू, वारा निसटू देऊ नका." दोन्ही तोंडांना प्लास्टिकचे जाड पडदे लागले. गार वारा गल्लीत, गरम वारा गल्लीबाहेर, आणि तो वरूनच परत एसीकडं. मग तिनं एसी सोळावरून चोवीसवर नेला आणि दाराचं कुलूप काढलं.

झालं! गल्ली गार, बाकी खोली तापलेली. उज्वलाचं दही आंबून गेलं. डबा घेऊन आत गेलेली माणसं डबा न उघडताच बाहेर आली. "ही काय खोली हाय? भट्टी हाय भट्टी!" दार उघडं असूनही आता कुणी फिरकेना. तक्रारी मात्र अण्णांपर्यंत पोचल्या.

यंदाच्या मे महिन्यात, ऐन बाजाराच्या दिवशी भर दुपारी वीज गेली. मी पासबुक घेऊन काउंटरवरच उभी होते. जनरेटर धडधडू लागला, एक एसी सुरू झाला. अण्णा घाईनं सर्व्हरच्या खोलीत शिरले आणि कपाळ पुसत ओरडले, "उमाबाई, आग पेटलीय इथं! मशिनी जळतील, बंद करा समदं!" त्यांचा हात मुख्य बटणाकडं गेला. मी दारातून बघत होते. ते बटण दाबलं असतं तर पुणंच.

उमादेवी बटणापुढं आडवी उभी राहिली. "अण्णा, हात लावू नका. आधी इकडं या."

तिनं पडदा बाजूला केला. अण्णा वाकून गल्लीत शिरले. टकलावर वारा लागला तसे तिथंच थांबले. तिनं यंत्रांच्या तोंडाशी ठेवलेला थर्मामीटर दाखवला: वरती पंचवीस, खालती पंचवीस.

"एकाच एसीवर?"

"एकाच एसीवर. गरम हाय ती आपली बाजू, अण्णा. मशिनीची न्हाई."

अण्णा गल्लीतून बाहेर येईनात. शेवटी ती म्हणाली, "आता निघा. तुमच्या अंगाची गरमी लागून राहिलीय माझ्या मशिनींला." व्यंकटीसुद्धा खो खो हसला.

तासामागून तास गेले. तिनं कंधार शाखेला फोन लावला. "काम चालू हाय का?" पलीकडून उत्तर आलं, "चालूच हाय की! का हो, काय झालं?"

दिवेलागणीला वीज आली तेव्हा एकही यंत्र बंद पडलेलं नव्हतं. जूनच्या बैठकीत पुण्याचा विषय अण्णांनी स्वतः खोडला. विजेचं बिलही असं उतरलं होतं की मीटर नादुरुस्त आहे का म्हणून संचालकांनी चौकशी केली.

गेल्या आठवड्यात आमच्या दारापुढं टेम्पो थांबला. कंधारच्या दुसऱ्या एका पतसंस्थेनं आपली यंत्रं उमादेवीच्या खोलीत ठेवायला पाठवली होती. पदर खोचून ती रस्त्याच्या मधोमध उभी, मागं मोटारसायकली तुंबलेल्या, हॉर्न वाजतायत, आणि तिचा आवाज सगळ्यांच्या वर: "घ्या मागं, घ्या! आणखी घ्या! हळू, आता त्या मशिनी माझ्या हायेत!"