नऊ दिवसांची कावीळ

माझी नोकरी चुका शोधण्याची. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये कुठे घोळ आहे, ते मी हिंजवडीत बसून दिवसभर काढत असते. आणि सासरी, माले गावातल्या घरी, नऊ दिवस सगळे मला तोंडावर खोटं सांगत होते, ते मात्र मला कळलं नाही. याचा राग अजून येतो, त्यातला निम्मा स्वतःवरच.

माझी मुलगी जन्माच्या दुसऱ्या दिवशी निळी पडली. मला सांगितलं ते एवढंच, की कावीळ झालीय, पुण्यात मोठ्या दवाखान्यात पेटीत ठेवावं लागेल. कावीळ तर पुष्कळ बाळांना होते. मी मान डोलावली. तिसऱ्या दिवशी मला घरी आणलं, कान बांधले, बाजेखाली शेगडी ठेवली. फोन सासूबाईंनी काढून घेतला. बाळंतिणीने त्यात बघितलं की डोळे जातात म्हणे. मला तिकडे न्या म्हटलं, तर टाके ओले आहेत, आणि तिथे आयांना आत सोडतच नाहीत. लातूरहून माझी आई आली होती. ती डिंकाचे लाडू वळायची आणि माझ्याकडे बघायची नाही. मला वाटलं, प्रवासाने थकलीय.

मला काम एकच होतं, दूध काढायचं. पंपाने काढलेलं दूध मी दवाखान्याने दिलेल्या छोट्या डब्यांत भरायचे आणि नवरा रोज सकाळी ते बर्फात घालून पुण्याला न्यायचा. संध्याकाळी आला की मी विचारायचे, "प्यायली का?"

"प्यायली की. सगळं प्यायली."

मग मी दुसऱ्या दिवशी आणखी काढायचे. छाती ठणकायची, तरी थांबायचे नाही. मी जवळ नसले तरी तिच्या पोटात माझं काहीतरी जातंय, एवढ्यावर मी ते दिवस काढले.

नवव्या दिवशी दिवेलागणीच्या आधी मी सहज खिडकीशी गेले. गोठ्यामागे पेरूच्या बुंध्याशी नवरा वाकला होता आणि डब्यातलं दूध मुळाशी ओतत होता. अगदी जपून, एक थेंब इकडे तिकडे न जाऊ देता. मग त्याने दुसरा डबा उघडला. आईचं दूध आमच्याकडे मोरीत टाकत नाहीत. पायदळी आलं किंवा मुंग्यांनी खाल्लं, तर आईचं आटतं म्हणतात. सासूबाईंनी बजावलं म्हणून बिचारा ते पुण्याहून परत घेऊन यायचा. दवाखान्याच्या बेसिनमध्ये ओतून आला असता, तर मला कधीच काही कळलं नसतं.

मी अनवाणी मागे गेले. तो डबा लपवायलाही विसरला.

"तिला पोटात काही देतच न्हाईत अगं," तो म्हणाला आणि रडायला लागला. "मशीनवर हाय. हृदयाच्या नळ्या जन्मापासनंच उलट्या हायत. परवा ऑपरेशन हाय."

सासूबाई मागून आल्या. "तुला कळलं आसतं तर दूध आटलं आसतं. आमी काय वैरी हाय व्हय तुझं?"

"कुणासाठी आटलं असतं, आत्या? पेरूसाठी?"

आई दारात उभी होती. तिलाही सगळं ठाऊक होतं. तिच्याशी मी त्या दिवशी बोललेच नाही.

तसेच आम्ही निघालो. पौडपाशी रस्ता खोदलेला होता. प्रत्येक खड्ड्याला टाके ओढले जात होते.

अतिदक्षता विभागातल्या सिस्टरने मला वरून खाली बघितलं. "तुम्ही आई? आम्ही रोज विचारत होतो. तुमची तब्येत बरी नाही, एवढंच बाळाचे बाबा सांगायचे. आम्हाला वाटलं, मुलगी झाली म्हणून..." मग म्हणाली, "हात धुवा आणि लावा तिला. घरच्यांपैकी अजून कुणीच हात लावला नाही. बाबा घाबरतात, काचेतूनच बघून जातात."

नऊ दिवस सगळं घर मला जपत होतं, आणि तिला घरचा एक हात मिळाला नव्हता. तिचं एक पाऊल तेवढं चिकटपट्टीशिवाय मोकळं होतं. ते मी मुठीत धरलं. थंड होतं.

ऑपरेशन झालं, ती वाचली. आता सहा वर्षांची आहे, कुणाचं ऐकत नाही. "लई जपलं आमी, म्हणून जगली," असं सासूबाई पाहुण्यांना सांगतात. मी चहाचे कप घेऊन आत निघून जाते.

मागच्या महिन्यात तिच्या तपासणीला सासूबाई सोबत आल्या होत्या. आत मी आणि मुलगीच गेलो. डॉक्टर म्हणाले, जोडलेल्या जागी नळी अरुंद होतेय, यंदा पुन्हा ऑपरेशन करावं लागेल.

बाहेर बाकावर सासूबाई पदराचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या. "काय म्हणलं डाक्टर?"

"सगळं ठीक आहे," मी म्हणाले.

त्यांचं बीपी वाढतं, म्हणून बोलले नाही, असं कुणाला सांगितलं तर पटेलही. खरं ते नाही. त्यांनीही थोडे दिवस माझ्यासारखं काही ठाऊक नसताना बसावं, असं मला वाटलं. त्यांनी नातीच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली आणि तोंड भरून हसल्या. मी त्यांना हसू दिलं.