आईचा एक स्पष्ट चेहरा

गल्लीत त्याला सगळे लूकवाला म्हणत. नावं ठेवण्यात लोकांचा हात कोण धरणार? कुठलाही विषय काढा, हा म्हणायचा, "ते सगळं खरं, पण लूक आला पाहिजे." पोटासाठी लग्नांचं शूटिंग आणि जिवासाठी सिनेमा. बत्तीस मिनिटांचा एकच सिनेमा त्याने आयुष्यात केला, तोही राहत्या घरात. आणि खोटं कशाला बोलू, दिसायला सिनेमा दणदणीत होता.

आई गेल्याला तीन आठवडे झाले तेव्हा मोठी बहीण आली. म्हणाली, "भिंतीवर लावायला आईचा एक फोटो दे. चेहरा नीट दिसेल असा."

दोघांनी घर पालथं घातलं. जन्मभर लोकांचे चेहरे टिपणाऱ्याच्या घरात आईचा धड फोटो नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! तसा दोष एकट्या त्याचा नव्हता. फोटो काढायला गेलं की ती तोंडापुढे हात धरायची. ओळखपत्रावरचा फोटो होता, पण त्यात ती कुणाचीही आई वाटली असती.

"अरे, तुझ्या सिनेमात आहे की ती," ताई म्हणाली. "अकरा दिवस बसवली होतीस ना? त्यातलाच काढ."

त्याच्या जिवात जीव आला. लगेच कॉम्प्युटर लावून दोघं शेजारी बसली.

सिनेमा कसा केला होता तेही ऐका. दिवे भाड्याने आणण्याची ऐपत नव्हती, म्हणून खिडकीतल्या उन्हासमोर थर्माकोल धरून उजेड नटीच्या तोंडावर वळवायचा. चादरी लावून नको तो उजेड अडवायचा. घराचे पोपडे, लोंबत्या वायरी, गंजलेलं कपाट झाकायला मात्र काही नव्हतं. त्यावर त्याने जुन्या बाजारातून एक लेन्स पैदा केली. ती पूर्ण उघडली की पुढचं माणूस लख्ख आणि मागचं सगळं धुक्यात. गरिबी गायब! बघणारे विचारत, "किती पैसा ओतलास रे?" त्याला ते बक्षिसासारखं वाटायचं.

मागे घर जिवंत वाटावं म्हणून कुणीतरी हवं होतं. पैसे न घेता बसणारं माणूस एकच. "मी काय करू?" आईने विचारलं. "काही नको गं, मागे बस आणि कपड्यांच्या घड्या घाल." आणि जन्मभर फोटोला हात आडवा धरणारी ही बाई रोज केस विंचरून, ठेवणीतले कपडे घालून, बोलावण्याआधी जागेवर हजर! मध्येच हळूच विचारायची, "मी दिसते ना रे?" हा लेन्समधून डोळा न काढता म्हणायचा, "दिसतेस की."

आता तो एकेक शॉट थांबवून बघू लागला. नटीच्या पापण्या मोजता येत होत्या. मागे आई म्हणजे एक फिकट ठिपका, त्यावर केसांचा काळा डाग. पुढचा शॉट, तेच. सिनेमात घेतलेल्या, न घेतलेल्या, सगळ्या फायली त्याने उघडल्या. चित्र धारदार करायचं बटण दाबून पाहिलं, तर ठिपक्याच्या कडा तेवढ्या टोचऱ्या झाल्या. भिंतीच्या पोपड्यांबरोबर त्याने आईही पुसून टाकली होती. अगदी व्यवस्थित, लूक सांभाळून.

दुपार सरत आली.

आणि मग त्याला आठवलं. शूटिंगच्या तिसऱ्या दिवशी नटी ठरलेल्या जागेच्या एक पाऊल पुढे आली होती. तिला पकडताना त्याच्या हातून लेन्स उलटी फिरली आणि फोकस मागे आईवर गेला. नटी धूसर, आणि मागे आई स्वच्छ, घडी अर्धी टाकून थेट कॅमेऱ्यात बघत हसत होती. हा चिडलाच होता. "आई, कॅमेऱ्यात बघू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं?" कॅमेऱ्यात मेमरी कार्ड एकच, म्हणून चुकलेला टेक जागच्या जागी पुसायचा हा त्याचा शिरस्ता. त्याने तो पुसला आणि पुन्हा घेतला.

"ताई," तो म्हणाला, "एक होता. मी पुसला."

ताईने पडद्यावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. म्हणाली, "पण तू पाहिलंस ना तिला? कशी दिसत होती?"

त्याने डोळे मिटले. मनापासून आठवून पाहिलं.

"उजेड डावीकडून होता," तो म्हणाला. "गालावर छान पडला होता."

"मी उजेड नाही विचारला."

"हो," तो म्हणाला. पण त्याला दुसरं काहीच आठवत नव्हतं.