फाट्यावरचा सत्कार

बिरप्पा गुरुजींचं सांगा म्हणताय, तर आदी हे लिवून घ्या की मी त्या माणसावर रागावलेली हाय. चौदा वर्सं मी शाळंत पोरांची खिचडी शिजवली, आन् ह्या माणसानं पोरांकडनं माझ्या मिठाचा आलेख काढून घेतला. वर तो सैपाकखोलीच्या दारावर डकवला. सोमवारी खारट, मंगळवारी आळणी, बुदवारी बरं. मी म्हटलं, "गुरुजी, ही कसली शिकवणी?" तर म्हणले, "मथुराबाई, पुस्तकातल्या आंब्या-पेरूंच्या गणितात पोरांना रस न्हाय. प्रश्न खरा पायजे." त्या दिवसापास्नं मी मीठ मोजून घालायला लागले, ती गोष्ट येगळी.

माणूस अक्कलकोटाकडचा. बारीक कुडी, चष्म्याला दोरी, बुडाखाली सायकल. राग आला की कन्नडमधी आकडे मोजायचे, ओंदु, एरडु, मूरु. धापर्यंत गेले की राग खलास. कुठलं प्रशिक्षण करून आले की आमी धास्तावून बघायचो, आता काय काढतेत म्हणून. एका साली पोरांनी वस्तीतल्या शेळ्यांची हजेरी घेतली. शेळी दोन दिवस दिसली न्हाय की मालकाला चिठ्ठी जायची, कारण कळवावे. माझा दीर रावजी, त्याला तीन चिठ्ठ्या आल्या. त्यानं तिसरीला उत्तर दिलं, शेळी पावण्यांकडं गेली हाय.

गेल्या साली सातवीत अकरा पोरं, त्यात माझी पिंकी. गुरुजी म्हणले, गावाचा खरा प्रश्न सांगा, वर्सभर त्याच्यावरच काम करायचं. पिंकी उठली आन् म्हणली, "आपल्या फाट्यावर बस थांबत न्हाय."

आमची वस्ती कुंभारीच्या पुढं. शाळा सातवीपर्यंत. आठवीला सोलापूरला जायचं तर बस पायजे, आन् बस तर धुरळा उडवून सरळ निघून जाती. ह्याच पायी माझी थोरली रेश्मा सातवी करून घरी बसली, आता विड्या वळती. रावजी म्हणायचा, धाकटीबी बसंल की. पिंकी बोलली तवा मी दारातच व्हते. मला रडू आलं.

पोरांनी आठ दिवस फाट्यावर बसून मोजलं. दिसाला एकतीस गाड्या, थांबलेल्या शून्य. त्याचा आलेख काढला, माझ्या मिठाच्या शेजारी डकवला. बसच्या हापिसात अर्ज दिला, उत्तर न्हाय. दुसरा दिला. दोन महिन्यांनी उत्तर आलं, आपला अर्ज मिळाला.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "गुरुजी, अर्जाला कोण थांबतंय? आपल्याकडं माणूस फकस्त सत्काराला थांबतो. टावेल, टोपी, नारळ दिसला की घाईत असलेला पावणाबी चप्पल काढून बसतो." गुरुजींनी ओंदु म्हटलं, एरडु म्हटलं आन् तिथंच थांबले. "पिंकी, लिवून घे," म्हणले.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला. "आदर्श चालक व वाहक यांचा जाहीर सत्कार." खाली सतरंजी, टेबल, अकरा पोरं. सोलापूरची गाडी आली आन् करकरून थांबली. ड्रायव्हर इसूफभाई खाली उतरला.

"किसका सत्कार है?"

"तुमचा," गुरुजी म्हणले.

"मैं क्या करा?"

"तुमी थांबलात."

इसूफभाईनं इकडंतिकडं बघितलं, मग मुकाट्यानं मान खाली घातली. टोपी, टावेल, नारळ. पिंकीनं भाषण केलं. गाडीतल्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात आमच्या दोन बाया मागच्या दारानं चढवून घेतल्या. वहीत लिवलं, थांबा एक, प्रवासी दोन.

आता खरं सांगते. टावेल एकच व्हता. गुरुजी मे महिन्यात रिटायर व्हणार, त्यांच्या निरोपाला म्हणून शाळंनं कपाटात आणून ठिवलेला. नारळ माझ्या चटणीचा. म्हणून इसूफभाईला हळूच सांगितलं, सायंकाळी येताना सगळं परत आणा. त्यानं आणलं, वर म्हणला, "मोईन पूछ रहा था, मेरा कब?" मोईन म्हंजी दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर.

झालं. महिन्याभरात सगळ्या गाड्या थांबायला लागल्या. ज्याचा राहिला तो रुसायचा. पोरांनी पाळीपत्रक केलं, कुणाचा कवा, कुणाचा दुसऱ्यांदा. एक वाहक बायकोला घिऊन आला, तिचा विश्वासच बसत नव्हता. माझ्या हळदीच्या हाताचा डाग त्या टावेलावर पडला, तरी तो गळ्यागळ्यातनं फिरत ऱ्हायला. नारळाला मी रोज बघायची आन् चटणीचा इचार सोडून द्यायची.

एप्रिलात बसच्या हापिसातला साहेब जीप घिऊन आला. लई तापलेला. "हा थांबा कागदावर नाही. काढा हे सगळं." पिंकीनं सवयीनं त्याच्या डोक्यावर टोपी ठिवली. आवो, साहेबाचे दोन्ही हात नारळाला आपोआप पुढं आले. छाती फुगली, फोटो निघाला. फ्लेक्स मात्र त्यानं गुंडाळून नेला. बोलता बोलता टावेलबी नेला, नारळबी.

मे संपला. गुरुजींच्या निरोपाला द्यायला कपाटात काय नव्हतं. छत्तीस वर्सं नोकरी केलेल्या माणसाला आमी खिचडी वाढली. मीठ बरोबर व्हतं, पण मला लई लाज वाटली.

जून उजाडला. फ्लेक्स न्हाय, टेबल न्हाय, टावेल न्हाय. पिंकी नवा ड्रेस घालून फाट्यावर उभी. शेजारी रावजी, मजा बघायला आलेला. "न्हाय थांबली तर उद्यापास्नं विड्यांचं सूप दे तिच्या हातात," म्हणला. गुरुजीबी सायकल घिऊन आले. पिंकीनं माझा पदर धरला व्हता.

गाडी आली. पुढं निघून गेली. मग पन्नासएक पावलांवर ती थांबली, आन् हळूहळू मागं आली.

इसूफभाई उतरला. काखेत टावेल, हातात नारळ. "साब का फोटो पेपर में छप गया, थांबे पे सत्कार," म्हणला. "अब कैसे बोलेगा थांबा नै? कागद कर दिया. टावेल-नारळ भी मैं हापिस से मांग लाया." कागद त्यानं रावजीच्या हातात दिला. मग गुरुजींच्या म्होरं उभा ऱ्हायला आन् म्हणला, "सर, आप रह गये थे."

त्यानं तो टावेल गुरुजींच्या गळ्यात घातला. शंभर माणसांचा घाम आन् माझ्या हळदीचा डाग. गुरुजी ओंदु म्हणले, एरडु म्हणले. राग नव्हता, तरी मूरु काय तोंडातनं निघंना. गाडीतली माणसं टाळ्या वाजवत व्हती.

नारळ मी घेतला आन् मैलाच्या दगडावर आपटला. पाणी कवाच आटलं व्हतं, आत खोबरं सुटं होऊन खडखडत व्हतं. पयला तुकडा पिंकीला दिला. गाल फुगवूनच ती गाडीत चढली, खिडकी धरली.

गाडी गेली. गुरुजी सवयीनं म्हणले, "पिंकी, लिवून घे."

म्हटलं, "पिंकी गेली, गुरुजी. मला सांगा, मी ध्यानात ठिवते."

गुरुजींनी टावेलानं चष्मा पुसला. "थांबली," म्हणले.