नऊ नंबरची गाडी का पळत नव्हती

दूधविनायकच्या गल्लीत माझ्या खोलीच्या बरोबर खाली राहणारे काका नसते, तर मी आज बनारसमध्ये नसतो. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना धीर येईल. काकांची सगळी नोकरी रेल्वेत, डब्यांची चाकं तपासण्यात गेली. नाव लिहू का विचारलं, तर म्हणाले, "नको रे बाबा. पेन्शनवाल्यांना वाटायचं, हा बुड्ढा अजून कुठंतरी काम करतो." म्हणून नुसतं काका.

मी विट्याकडचा. नववीत शाळा सोडली आणि मामाच्या चांदी गाळायच्या दुकानात कामाला म्हणून इकडं आलो. तेजाबाच्या वाफांनी खोकला धरला, तेव्हा ते सोडलं आणि रामनगरच्या पुढं गो-कार्टच्या ट्रॅकवर मेकॅनिक म्हणून चिकटलो. गो-कार्ट म्हणजे छप्पर नसलेली, जमिनीला पोट घासत पळणारी बुटकी गाडी. लोक तिकीट काढून त्यात बसतात, पाच फेऱ्या मारतात आणि उतरताना स्वतःला फार मोठे ड्रायव्हर समजतात. प्रत्येक मेकॅनिककडं दोन-दोन गाड्या. माझ्याकडच्या दोनांतली नऊ नंबरची पळेना.

बाकीच्या गाड्या चाळीस सेकंदांत फेरी मारायच्या, नऊ नंबर सेहेचाळीस. गिऱ्हाईक उतरून तिकिटाच्या खिडकीवर भांडायला जायचं. एका सोमवारी मालक माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"का गुरु, ई गाड़ी हौ कि भैंसा?"

मी उगाच चेन चाचपली.

"इतवार तक ठीक करो, नहीं तो ई कबाड़ में जाई. फिर तुम्हरे लिए भी कौनो काम ना बची."

खर्चाला एक हजार दिले. नवं इंजिन मागायची सोय नव्हती. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. घरी फोनवर आईला "सगळं झकास" म्हणालो, तेही जरा जास्तच जोरात.

मंगळवारी नवा प्लग टाकला, एअर फिल्टर बदलला, कार्बोरेटर खोलून धुतला. गाडीचा आवाज असा झाला की शेजारच्या चहावाल्यानं कानावर हात ठेवले. फेरी मारली. पंचेचाळीस सेकंद. निम्म्याहून जास्त पैसे गेले आणि हातात आला नुसता आवाज.

बुधवारी संध्याकाळी जिन्यात बसलो होतो. काका पंचगंगा घाटावरून फिरून आले, माझं तोंड पाहिलं आणि तिथंच पायरीवर टेकले. मी सगळं सांगितलं.

"इंजिन बंद करून ढकलून पाहिलीस?"

"नाही काका. ती जोरात पळावी म्हणून इंजिनचंच बघत होतो."

"अरे, डब्याला कुठं इंजिन असतं? तरी तो पळतो की! जोर लावायचा नंतर. आधी अडवतंय कोण, ते बघायचं. उद्या मी येतो."

गुरुवारी ट्रॅक दुपारपर्यंत बंद असतो. काका शेअर रिक्षानं गंगेवरचा पूल ओलांडून आले, हातात पिशवी. पिशवीतून स्प्रिंगचा काटा निघाला, रद्दीवाले गठ्ठा लटकवून वजन करतात तसला. बाकीचे मेकॅनिक हसायला लागले. "चाचा, गाड़ी तौल के बेचबा का?"

"बेचब ना, बेटा. इससे पूछब कि तकलीफ का हौ," काका म्हणाले.

काट्याचा हूक गाडीच्या पुढच्या नळीला अडकवला आणि मला सावकाश ओढायला लावलं. काटा साडेनऊ किलोवर गेला. मग शेजारची चार नंबर ओढली. चार किलो!

"बघ," काका म्हणाले, "तुझी गाडी हँडब्रेक ओढून ठेवल्यासारखी चालते."

मग एकेक काम करायचं आणि परत ओढायचं, असं सुरू झालं. टायरमध्ये हवा भरली, आठ. चेन फार ताणलेली होती, ती सैल केली, साडेसात. ब्रेकचं पॅड चकतीला घासत होतं, ते सरकवलं, साडेसहा. प्रत्येक वेळी काटा उतरला की मला मिठाईवाल्यानं उगाच एक जिलबी जास्त टाकल्यासारखं वाटायचं. पण साडेसहावर काटा अडून बसला.

काकांनी मागचं चाक उचलायला लावलं, बोटानं फिरवलं, कान लावला. मग बेअरिंगच्या फटीत बोट घालून म्हणाले, "हे लाल काय आहे?"

ते मी बांधलं होतं.

विश्वकर्मा पूजेला इथं सगळ्या यंत्रांना लाल धागा, म्हणजे कलावा, बांधतात. बाकीच्यांनी आपापल्या गाडीच्या स्टीअरिंगला बांधला. मी नवा. मला वाटलं, खरा जीव मागच्या आसात, ज्यावर चाकं फिरतात. म्हणून आसाला चांगले अकरा वेढे दिले, नोकरी टिकू दे म्हणत. आस फिरता फिरता तो धागा सरकत बेअरिंगमध्ये घुसला आणि ग्रीस-धूळ पिऊन डांबरासारखा घट्ट झाला. नोकरीसाठी बांधलेला धागाच नोकरी खात होता.

"ब्लेड आण."

"काका, पूजेचा आहे. कापायचा कसा?"

"विश्वकर्मा कारागीर आहेत ना? मग त्यांना बेअरिंग कळत असणार. काप, कागदात बांध, संध्याकाळी मी घाटावर नेऊन गंगेत सोडतो."

धागा निघाला, पण बेअरिंग खराब झालंच होतं. उरलेल्या पैशांत रामनगरच्या बाजारात नवं मिळालं, चहापुरते सुटे उरलेही. ते बसवून ओढलं. साडेतीन!

रविवारी सकाळी मालकांनी स्वतः फेरी मारली. घड्याळ मी काकांच्या हातात दिलं; तेही मुद्दाम आले होते. "एकोणचाळीस," ते म्हणाले. मालक उतरले, गाडीभोवती फिरले. काकांनी मला कोपरानं ढोसलं. मग मी धाग्याचं सगळं सांगून टाकलं, एका दमात, डोळे मिटून.

मालक असे हसले की ट्रॅकच्या जाळीवरची कबुतरं उडाली. "अरे मराठा! भगवान से बिरेक लगवा लिए?" मग बाकीच्यांकडं वळून म्हणाले, "सब गाड़ी खींच के देखो. ई लड़का बताई कैसे."

म्हणजे नोकरी राहिली. मी काकांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी मधेच धरलं. "ते राहू दे, मला एक चक्कर मारू दे." ते नऊ नंबरमध्ये बसायला गेले, पण सीट इतकी खाली की गुडघा वाकेना. एक पाय आत, एक बाहेर, असे थोडा वेळ उभे राहिले, मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन बाहेर आले. "जाऊ दे, चाकं तर फिरली," म्हणाले. पण पुलावरून परत येताना रिक्षात ते वळून वळून ट्रॅककडं बघत होते.

काका, तुम्ही हे वाचाल तेव्हा हसाल, पण मी लिहून ठेवतो. आज ना उद्या मी स्वतः एक गाडी बांधीन, तिची सीट खुर्चीइतकी उंच ठेवीन आणि तुमचा गुडघा न वाकवता तुम्हाला तीत बसवीन. पाच नाही, तुम्ही पुरे म्हणेपर्यंत फेऱ्या.