रबरकाकांचा शनिवार

रबरकाका कुठलाही संगणक उघडला की आधी त्याचं गाव ओळखायचे. बाजूचा पत्रा काढायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि आत डोकवायचं. पंख्याच्या पात्यांवर पांढरी पूड असली की म्हणायचे, "हा पेणचा. गणपतीच्या कारखान्याशेजारी बसलेला दिसतोय." मेमरीच्या पट्टीवर हिरवट गंज दिसला तर, "हा खाडीकडचा. खारा वारा खाल्लाय यानं." मी माझा संगणकाचा डबा पहिल्यांदा घेऊन गेले, तेव्हा आतल्या काळ्या पडलेल्या तांब्याच्या पट्ट्यांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि वर न बघताच विचारलं, "रोह्याची काय गो तू?" मी रोह्याचीच, तिथल्या एका रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला; तिथल्या हवेतल्या वायूंनी तांबं काळं पडतं. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मी कायमची रोहेकरीण झाले.

त्यांचं नाव आम्ही ठेवलेलं. शर्टाच्या खिशात कायम शाळकरी पोरांचा खोडरबर असायचा. डबा सुरू होत नाही, नुसता ओरडतोय अशी तक्रार आली की काका मेमरीची पट्टी उपसायचे, तिची सोनेरी कड खोडरबरानं हलक्या हातानं घासायचे, कापडानं पुसायचे आणि पुन्हा बसवायचे. बरेच डबे एवढ्यावरच ताळ्यावर यायचे. कुणी मध्येच फुंकर मारली की मात्र काका उखडायचे. "थुंकी उडते तुझी. गंज कमी पडला काय?"

रविवारी त्यांच्या पेणच्या घराच्या पडवीत आम्हा हौशी लोकांचा अड्डा जमायचा. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, काकी कधीच गेलेल्या, मुलगी परदेशात. त्यामुळे पडवी आमचीच होती. नवा संगणक घेणं हा तिथे जवळजवळ गुन्हा होता. असलेल्यालाच वर चढवायचं, याला काका 'बढती' म्हणायचे. माझ्या डब्यातून निघालेली मेमरी सुभाषच्या डब्यात जायची, सुभाषची हार्ड डिस्क तिसऱ्याकडे. सुभाष म्हणजे मूर्तिकार, गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा. बढतीवरून आमच्यात तावातावानं वाद चालायचे आणि ते मिटेपर्यंत काकांनी काम उरकलेलंही असायचं. कारण स्क्रूड्रायव्हर ते कुणाच्या हाती देत नसत. "दे इकडं," म्हणायचे. इतका उदार माणूस, पण त्या एका बाबतीत पक्का चिकट.

अपवाद शनिवारचा. काका बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. त्यांचे पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे. शुक्रवारी दिवेलागण झाली की काकांचं कामही बंद ते थेट शनिवारची संध्याकाळ उलटेपर्यंत. साधं बटणसुद्धा दाबायचे नाहीत. सुभाष चेष्टा करायचा, "काका, देवाला काय दिसतंय इथं पडवीत?" काका शांतपणे म्हणायचे, "त्याला दिसतंय की नाय मला ठाव नाय. मला दिसतंय ना."

सुभाषच्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. उजवा हातही गेला. फोनवरची अक्षरं त्यांच्या थरथरत्या बोटाला सापडेनात. तेव्हा काकांनी सुभाषच्या जुन्या डब्याला मोठ्या बटणांचा कीबोर्ड जोडून तो अण्णांच्या खाटेपाशी मांडला. डाव्या हाताच्या एका बोटानं अण्णा लिहायला लागले. चहात साखर कमी आहे, अमक्या मूर्तीची सोंड चुकली आहे, सुभाषनं दाढी करावी. जन्मभर कारखाना दणाणून सोडणाऱ्या माणसाला पुन्हा तोंड मिळालं होतं.

तो डबा एका सकाळी ओरडायला लागला आणि पडदा काळा. वार नेमका शनिवार. मला सुट्टी होती, मी पेणला आलेलीच होते. खरं तर संध्याकाळपर्यंत वाट बघायला हरकत नव्हती. पण अण्णा खाटेवरून डाव्या हातानं कीबोर्ड बडवत होते आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं. सुभाष काकांना सांगायला गेला, तोही अवघडूनच. काका त्याच्याबरोबर चालत आले. खुर्ची ओढून बसले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"हात लावायला बंदी हाय, बोलायला नाय," ते म्हणाले. "सुभाष, आधी ऐक. काय म्हणतोय तो?"

"ओरडतोय."

"कसा? तुझी बायको हाक मारते तसा, का म्हैस अडकल्यासारखा?"

सुभाषनं कान देऊन ऐकलं. लांबलचक, एकसारखा आवाज. मेमरी, तो म्हणाला. काकांनी मान हलवली. मग सुभाषनं पट्टी काढली, काकांच्या खिशातला खोडरबर मी काढून दिला, आणि घासताना सुभाष जरा जोर लावायला लागला तसे काकांचे पाठीमागचे हात एकमेकांना घट्ट धरून बसलेले मला दिसले. केवढं जड जात होतं त्यांना. पण हात सुटले नाहीत. पडदा उजळला, अण्णांनी पहिलं वाक्य लिहिलं ते काकांना चहा द्या म्हणून, आणि काका लाजले.

त्यानंतर आम्ही बिघडलेलं काम मुद्दाम शनिवारसाठी राखून ठेवायला लागलो. रविवारी बढती बघायची आणि शनिवारी शिकायचं. काकांना हे कळत होतं, पण त्यांनी तसं कधी दाखवलं नाही. मला जे येतं ते सगळं मी त्या बांधलेल्या हातांसमोर बसून शिकले आहे, आणि काकांइतका चांगला शिक्षक मला शाळा-कॉलेजात मिळाला नाही.

मग मुलीनं काकांना तिकडे बोलावून घ्यायचा आग्रह धरला. काकांचं हृदय थकलं होतं, एकट्यानं राहणं धोक्याचं होतं. जायच्या आधी काकांनी घरी त्यांच्या रिवाजाचा मलिदा केला, गोड पोहे, खोबरं, फळं, सगळ्यांना वाटला. हत्यारं आमच्यात वाटली. खोडरबर मात्र बरोबर नेला. "तिकडं असला मऊ मिळतो की नाय, कोण जाणे," म्हणाले. मी बस स्टँडपर्यंत नीट बोलत होते. नंतर रोह्याला पोचेपर्यंत रडले.

आता व्हिडिओ कॉलवर भेटतात. आम्ही फोन उघड्या डब्यात धरतो, काका तिकडून डोळे बारीक करून बघतात. एकदा मी म्हटलं, काका, तुमची फार आठवण येते. ते म्हणाले, "मला इथं रोजच शनिवार, गो. दिसतंय सगळं, हात काय पोचत नाय." खऱ्या शनिवारी मात्र त्यांचा फोन बंद असतो.

यंदा गणपतीच्या हंगामात, कारखान्यात पूडच पूड असताना, अण्णांचा डबा सुरू होऊन लगेच बंद पडायला लागला. पुन्हा शनिवार. तापतोय, हे आमचं आम्हाला कळलं. पंखा साफ करायला सुभाषनं तो ओढला, पण खालची थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता ओढून घ्यायला लावतात तो लेप, सुकून दगड झालेली, त्यामुळे पंख्याला चिकटून प्रोसेसरच, डब्याचा मेंदूच, उपसून वर आला. त्याच्या पोटाला केसासारख्या बारीक पिना असतात. एका कोपऱ्यातल्या वाकल्या होत्या. एक जरी तुटली असती तरी दुसरा डबा जमवेपर्यंत अण्णा मुके झाले असते, कारण इतका जुना प्रोसेसर आता शोधून मिळत नाही. अण्णा खाटेवरून आमचे चेहरे वाचत होते.

"तू कर," सुभाष मला म्हणाला. "माझ्यानं झालं हे."

माझे हात शिवशिवत होते. पण डोळ्यांची आखणी करणारा हात त्याचा होता, माझा नव्हे. मी खुर्ची ओढली, बसले आणि हात पाठीमागे बांधले. "आधी बघ," म्हटलं. "कुठली किती वाकलीय ते सांग."

त्यानं सुई घेतली. मूर्तीच्या बुबुळापाशी रोखतो तसा श्वास रोखून एकेक पीन सरळ केली. मी पाठीमागे स्वतःचीच बोटं आवळत होते. नवी पेस्ट लावली, पंखा चढवला, बटण दाबलं. डबा सुरू झाला आणि या खेपेला सुरूच राहिला.

सुभाषनं भरल्या डोळ्यांनी फोन उचलला. काकांना सांगायचं होतं, निरोप तरी ठेवायचा होता. तेवढ्यात कीबोर्ड वाजायला लागला. अण्णा सावकाश लिहीत होते. आम्ही पडद्यावर एकेक अक्षर उमटताना बघत उभे राहिलो.

"आज नको. त्याचा शनिवार हाय. उद्या सांग."

सुभाषनं फोन खाली ठेवला.