काहिलीला बांधलेलं शीड

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही तिथं बोट बुडवण्याचा मान माझ्याकडं जातो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी शहागडजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचो आणि माझी बायको मंगल बाहेरून बी.ए.ची परीक्षा देत होती. आधीच्या खेपेला ती इंग्रजीतच गेली होती. (इंग्रजीच्या मास्तरची बायको इंग्रजीत नापास! गावात माझं तोंड किती उजळलं असेल, बघा.) परीक्षा तोंडावर आली आणि तिच्या पुस्तकात एक धडा निघाला : वाक्यं दुरुस्त करा. सगळी वाक्यं शिडाच्या बोटीच्या बिघाडांची!

"द सेल हॅव टॉर्न," मंगलनं वाचलं. "अहो, सेल म्हंजे?"

"शीड. बोटीला वारा धरायचं कापड."

"ते फाटलं ना? मंग टाका घालायचा सोडून वाक्य कशाला दुरुस्त करून राह्यले हे लोक?"

पुढं डोलकाठी मोडली, सुकाणू अडकलं, बुडाला भोक पडलं. दर शब्दाला मंगलचं "म्हंजे?" आणि मला घाम! कारण शिडाची बोट मीसुद्धा फक्त कॅलेंडरवर पाहिलेली. पण मास्तर असं कबूल करतो होय?

"उद्या रविवार हाय," मी म्हणालो. "प्रत्यक्षच दाखवतो!"

मेहुण्याला, दत्तूला, निरोप गेला. त्यानं गुऱ्हाळातली गूळ शिजवायची जुनी काहील ट्रॅक्टरवर टाकून थेट गोदावरीवर आणली. लोखंडी, गोल, आम्ही तिघं आरामात बसू एवढी मोठी. शिडाला आमच्या लग्नात आलेली चादर घेतली. ती बांबूला बांधली, पण बांबू रोवायला जागाच नव्हती, म्हणून दत्तूनं तो छातीशी कवटाळला. (म्हणजे डोलकाठी दत्तूच!) नदीवर आलेली माझ्या नववीची पोरं म्हशी सोडून काठावर जमली.

"दाजी, वारा आला!" दत्तू ओरडला.

चादर फुगली आणि आम्ही निघालो. खरंच निघालो हो! मला इतका आनंद झाला, की मी उभाच राहिलो.

"मंगल, म्हण! द बोट इज सेलिंग!"

मंगल टाळ्या पिटायला लागली. तेवढ्यात काहील जागच्या जागी गरागरा फिरायला लागली.

"द बोट आर टर्निंग!" मंगल किंचाळली.

"आर न्हाई! इज!"

टर्रर्र! चादर मधोमध फाटली.

"द सेल इज टॉर्न!"

"शाब्बास! बिलकुल बराबर!" चादरीचं दुःख करायचं मला सुचलंच नाही!

"अहो, देअर आर होल!"

"देअर इज अ होल!"

"अहो, व्याकरण न्हाई, भोक! पायाखाली भोक!"

काहिलीच्या बुडाचं ठिगळ सुटलं होतं. मंगलनं जल्दी जल्दी फाटक्या चादरीचा बोळा करून भोकात कोंबला. "दत्तू, टाच दे याच्यावर!" पाणी थांबलं! ती दुरुस्ती बघायला मी कौतुकानं वाकलो. काहील कलंडली, मी डोकं खाली पाय वर असा पाण्यात, आणि माझ्यामागोमाग ते दोघं, बांबू आणि काहील!

नाकातोंडात पाणी गेलं. इतक्या वर्षांचं इंग्रजी एकदम वर आलं आणि मी बोंबललो, "हेल्प! आय इज ड्राउनिंग!"

काठावरून अख्खी नववी एका सुरात ओरडली, "ॲम, सर! आय ॲम!"

"दाजी, उभे राहा," दत्तू शांतपणे म्हणाला. "कमरेइतकंच पाणी हाय."

मी उभा राहिलो. शेजारी मंगल चिंब भिजून पोट धरधरून हसत होती.

काहील ट्रॅक्टरनं ओढून काढली. मंगल त्या खेपेला इंग्रजीत पास झाली. आणि वार्षिक परीक्षेनंतर हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं.

"यंदा तुमच्या नववीचं इंग्रजी एकदम सुधरलं! नवीन काय केलं तुम्ही?"

"काही न्हाई सर," मी म्हणालो. "एकदा चुकीच्या इंग्रजीत बुडालो."